बाळंतवात नव्हता तो, रंजूताई

रंजूताई, तुझ्या मयुरीच्या बाजेखालची शेगडी मी ओढून अंगणात नेली आणि तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. निखारे चरचरले, राख उडाली, माझ्या साडीचं वाटोळं झालं. आई ओटीवरून ओरडल्या, "बालंतिनीच्या शेगडीवर पानी वततीस? हात कसा नाय झडला गो तुजा?"

"झडू दे," मी म्हटलं. "एकीला शेकून झालं. आता हिला नाही शेकायचं."

सासूला उलट बोलायची सवय मला पहिल्यापासूनच, तुला काय वेगळं सांगायचं. पण त्या दिवशी आई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. आत मयुरी रडत होती, तिची तीन-चार आठवड्यांची पोर रडत होती, आणि मी रिकामी बादली धरून अंगणात उभी. तुला जाऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते. तू असतीस तर म्हणाली असतीस, कल्पे, आधी बादली खाली ठेव.

सकाळी बाळाला मांडीवर घेऊन बसली असताना मयुरी मला म्हणाली होती, "काकू, हे दुपटं लालच आहे ना? ह्या डोळ्यानं बघितलं की विटकं दिसतं." एकेक डोळा हातानं झाकून तिनं मला करून दाखवलं. डावा ठीक. उजव्यानं सगळं धूसर, आणि डोळा फिरवला की मागून दुखतं म्हणाली. अशक्तपणा असेल, रडून रडून झालं असेल, जागरणं होतायत, जेवढं सुचलं तेवढं सगळं मनाशी म्हणून पाहिलं. आईंनीही ऐकलं होतं. त्यांनी लगेच शेगडीत आणखी निखारे घातले. बाळंतवात चढतोय म्हणाल्या, शेक कमी पडतोय.

हाच शब्द, ताई. याच घरात, तुझ्याबद्दल, मयुरीच्या जन्मानंतर हाच शब्द बोलला गेला होता.

मी तेव्हा या घरात आले नव्हते. ते सगळं तूच मला सांगितलंस, माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी, पोळ्या लाटता लाटता. तुझी आई आधीच गेलेली, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण सासरीच झालं. सुंभाची बाज, अंगावर घोंगडी, खाली शेगडी, त्यात ओवा-शेपाची धुरी. तू म्हणत होतीस, पाय माझे वाटत नाहीत. गरम झालं की आणखीच गळून जातात. आई म्हणाल्या, वात आहे, शेक वाढवा. एके दिवशी तुझी टाच बाजेच्या सुंभातून खाली लोंबली आणि शेगडीच्या काठाला टेकली. तुला काही कळलं नाही. वास आला तेव्हा आईंनी वाकून पाहिलं. म्हणाल्या, "भाजला तरी कलंना? कशी गो झोपतस तू?" तू झोपली नव्हतीस. जागी होतीस, आणि तुझा पाय भाजत होता.

मग भगत आला. लिंबू, नारळ, अंगारा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, उल्हासनगर कॅम्पातली नाजूक पोर आहे, कामाला नको म्हणून पाय धरून बसलीय. पुढे दोन-तीन महिन्यांत पाय आपोआप सुधारले. आजार आपल्या मर्जीनं ओसरला आणि कोंबडा भगताला मिळाला, असं तू म्हणाली होतीस, आणि आपण दोघी लाटणं हातात धरून हसत सुटलो होतो. आई बाहेरून विचारत होत्या काय झालं म्हणून.

आता मला हसू येत नाही. डॉक्टर सांगतात की शेकानं हा आजार होत नाही आणि कायमचा वाढतही नाही, उष्णतेनं त्रास तेवढा उसळतो. मला माहीत आहे. पण शेक चालू राहिला, कारण नाव ठरून गेलं होतं. नाव ठरलं की मग कुणी पुढे बघत नाही.

आपण जावा. तू थोरली, मी धाकटी. चार माणसांत मी तुला अहो-जाहो करायचे आणि स्वयंपाकघराचं दार लोटलं की अगं-तुगं. तू कॅम्प दोनच्या बाजारातली, वडलांचं काज-बटणाचं दुकान, वरच्या मजल्यावर घर, सगळा शेजार सिंधी. मी वांगणीच्या पलीकडच्या वाडीतली, भात लावणारी. जांभूळ गावातल्या या घरात दोघी आलो तेव्हा तुला भाकरी थापता येत नव्हती आणि मला दुकानदाराशी बोलता येत नव्हतं. मी रुसले की तू सिंधीत विचारायचीस, "छा थ्यो, साईं?" काय झालं म्हणून. मला त्याचा राग यायचा आणि मग राग टिकायचा नाही. लुगड्यांच्या दुकानात तू सिंधीत भाव पाडायचीस, शेटजी तुला अदी म्हणायचा, बहीण म्हणजे, आणि मी मागे पिशवी धरून तोऱ्यात उभी. बदलापूरला मी पोळीभाजी केंद्र टाकायचं म्हटलं तेव्हा घरातला एक माणूस माझ्या बाजूनं बोलला नाही. तू बोललीस. तुझ्या हातात लाटणं ठरत नव्हतं तर गल्ल्यावर बसलीस. गिऱ्हाइकाला म्हणायचीस, "सुट्टे द्या, नाहीतर गरम पोळी गार होईपर्यंत उभे राहा." माझ्या पोरांच्या शाळा त्या गल्ल्यातून झाल्या. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

तुझ्या आजाराला खरं नाव मिळायला किती वर्षं गेली. कधी हात गळायचा, कधी चालताना तोल जायचा, कधी नुसता थकवा, उठवत नाही असा. आला तसा जायचा. जवळपासचे डॉक्टर म्हणायचे, टेन्शन घेऊ नका, ताकदीच्या गोळ्या घ्या. एकदा तुला एका माणसाचे दोन दिसायला लागले आणि तू न्हाणीत पडलीस, तेव्हा मी हट्टानं तुला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. आपलीच राखण करणारी शरीरातली फौज आपल्याच नसांवरचं वेष्टण कुरतडते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. तू म्हणालीस, म्हणजे उंदरानं वायर खाल्ली. बाई हसल्या, म्हणाल्या, साधारण तसंच. आणि तू घरी येऊन ढसाढसा रडलीस. मला वाटलं भीतीनं रडतेस. तू म्हणालीस, "कल्पे, मी ढोंगी नव्हते गं."

मग हॉस्पिटलचे खेटे सुरू झाले आणि त्या बाहेरच्या बाकावर आपलं भांडणही. तूच सुरुवात केलीस. इकडेतिकडे बघून म्हणालीस, "सगळ्या बायकाच दिसतायत गं. बाप्ये आलेत ते सोबतीला, आणि ते पण मोबाइल बघतायत." मला वाटलं गंमत करतेस. पुढच्या वेळी पाहिलं तर खरंच. तरण्याताठ्या पोरी. कुणी कॉलेजातली, कुणाच्या कडेवर मूल. आत गेल्यावर तू बाईंना विचारलंस, हे असं कसं. त्या म्हणाल्या, हा आजार बायकांना जास्त होतो, आणि पूर्वीपेक्षा आता आणखी जास्त. परदेशातल्या जुन्या नोंदी बघितल्या तर बायका आणि पुरुष यांच्यात फार अंतर नव्हतं. मग बायकांचा आकडा चढत गेला, पुरुषांचा तसा चढला नाही. आपल्याकडे जुन्या नोंदीच धड नाहीत. का होतं विचारलंस तर म्हणाल्या, नक्की कुणालाच माहीत नाही. अंगावर ऊन कमी पडणं, सिगारेट, वजन, मुलं उशिरा होणं, बऱ्याच गोष्टींची नावं घेतात.

"उन्हात माझे पाय जातात, आणि ऊन खाल्लं नाही म्हणून आजार?" तू म्हणालीस.

बाहेर आल्या आल्या तू सुरू झालीस. "साफ झूठ. बायका वाढल्या नाहीत, मोजणी वाढली. माझ्यासारख्या आधी पण होत्या. कुणाला बाळंतवात म्हणाले, कुणाला देवीचं वारं, कुणाला नखरे. त्या कुठे कोण मोजायला बसलं होतं?"

मी काही कमी नव्हते. म्हटलं, "एमआरआयचं मशीन काय फक्त बायकांसाठी आणलं? मोजणीच वाढली असती तर बाप्ये पण तेवढेच वाढले असते ना?"

तू माझा हात धरून रिक्षाकडे निघालीस. मला वाटलं जिंकले. मग रिक्षात बसल्यावर म्हणालीस, "बाप्या म्हणाला पाय जड झाला, तर लोक त्याचा पाय बघतात. बाई म्हणाली, तर तिचं तोंड बघतात. मशीन आल्यावर बाईला जास्त फरक पडला, कारण तिचं आधी कुणी खरंच मानत नव्हतं."

"मग तुझा मामा?"

मामा हा आपल्या भांडणातला कायमचा पाहुणा. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. चालताना झोकांड्या जायचे, जीभ जड व्हायची. सगळी गल्ली त्याला बेवडा मास्टर म्हणायची, शेटनं कामावरून काढलं, मामीनं पोरं घेऊन माहेर गाठलं. तू शपथेवर सांगायचीस की मामाच्या तोंडाला कधी वास आला नाही. त्यालाही हेच होतं, तू म्हणायचीस. मी म्हणायचे, असेल, मग बाप्यांचंही लोक खरं मानत नाहीत, तुझं गणित मोडलं. तू म्हणायचीस, मोडलं नाही, बाप्ये पण मोजणीतून सुटले, म्हणजे दोन्हीकडचा आकडा खोटा. मी म्हणायचे, मग भांडतेस कशाला? त्यावर तू चिडून खिडकीबाहेर बघायचीस. एकदा बाई बोलता बोलता म्हणाल्या की पुरुषांना कमी होतो, पण ज्यांना होतो त्यांचं शरीर बरेचदा लवकर ढासळतं. त्या दिवशी रिक्षात तू भांडण काढलं नाहीस. मामाचं नाव मीही काढलं नाही.

कितीतरी वर्षं हे चाललं. तुझी काठी आली, मग वॉकर, मग खुर्ची, आणि भांडण तेच. लोकांच्या घरात सिरियल बघतात, आपल्या घरात हे. मला आपला बोलायचा जोर. मला दोन पोरगे. बायकांना वाढतंय, वाढतंय म्हणताना मला काय लागत होतं? तू मात्र वाढलं नाही हे इतकं का धरून बसलीस ते मला कळायला तुझे शेवटचे दिवस उजाडले. वाढत असेल तर ते मयुरीच्या दिशेनं येत होतं. तुला ते वाढायला नकोच होतं. आपण आकड्यांवर भांडतोय असं मला वाटायचं, आणि तू लेकीवरून नजर उतरवत होतीस.

तू जायच्या आधीच्या त्या दुपारी तुझं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. गिळणं जमत नव्हतं, छातीत कफ भरलेला. मी चमच्यानं पाणी देत होते. तू हात धरलास आणि म्हणालीस, "मयुरीला?" एवढंच. मी म्हटलं, वेडी का काय, बाई काय म्हणाल्या आठवत नाही? आईला असलं तरी बहुतेक लेकींना काही होत नाही. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग मान हलवलीस. त्याच आठवड्यात न्यूमोनियानं तू गेलीस.

मी खोटं बोलले नव्हते, ताई. बाईंनी सांगितलं तेच सांगितलं. आजही तेच खरं आहे. बहुतेकींना होत नाही.

दोन जिवांची बाई मयताला जात नाही, म्हणून मयुरीला तुझं तोंडही बघू दिलं नाही. मी भांडले. म्हटलं, आईच्या पायावर डोकं ठेवल्यानं पोटातल्या पोराला काय होणार? कुणी ऐकलं नाही. तिला शेजारच्या घरात मागच्या खोलीत बसवून ठेवलं, दोन बायका राखणीला. तुला नेलं तेव्हा तिची किंकाळी मला आपल्या दारात ऐकू आली. तीन आठवड्यांनी तिला मुलगी झाली. सगळे म्हणाले रंजना परत आली. मी मनात म्हटलं, येऊ नको गं बाई, एकदा सोसलंस तेवढं पुष्कळ झालं.

आणि मग तो डोळा.

शेगडी विझवली त्या दिवशी भाऊजी कामावरून आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं उद्याच्या उद्या डॉक्टरीणबाईंना फोन करते, एमआरआय करू. भाऊजी म्हणाले, "कल्पना, थोडं थांब. बारसं होऊन जाऊ दे. तिच्या सासरची माणसं येतील, पोरगी एकदा आपल्या घरी गेली की बघू."

"तिकडे गेल्यावर कोण बघणार?"

"नाव निघालं तर तिला परत पाठवतील गं. रंजनाला मी ठेवली. सगळे ठेवतात असं नाही."

ठेवली म्हणे. तू काय म्हैस होतीस? माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. पण बोलून झाल्यावर ते तसेच उभे होते, हात लोंबकळत, आणि मला आठवलं की शेवटची दोन वर्षं तुला रोज आंघोळ घातली ती याच माणसानं. केस विंचरले, वेणी सुद्धा वाकडीतिकडी घातली. घाबरलेला बाप होता तो, ताई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा बोलावली, तर ते न बोलता ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

अंबरनाथला मशीन होतं. मयुरी आत, बाळ माझ्या मांडीवर. दारापलीकडून ती ठोकाठोक ऐकू येत होती, तुझ्या वेळी ऐकून ओळखीची झालेली. पोर भुकेनं माझा पदर चोखायला लागली. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे. मी देवाला काय काय कबूल केलं ते मला आता आठवतही नाही. कुणाला काही फेडायची वेळ आली नाही. रिपोर्ट मुंबईला नेला, आणि बाईंनी तो परत पहिल्यापासून वाचायला घेतला, तेव्हाच मला कळलं. मेंदूत डाग होते. डोळ्याच्या नसेला सूज. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हा आजार असाच उसळी घेतो, बाई म्हणाल्या, पण लवकर सापडलंय, आता औषधं चांगली आहेत, आईचं झालं तसंच हिचं होईल असं समजू नका. त्यांनी तुझं नाव घेतलं. मयुरी सगळं नीट ऐकत होती, एकदाही रडली नाही. शेवटी तिनं माझ्या मांडीवरच्या बाळाकडे बघितलं आणि विचारलं, "आणि हिला?"

बाई तेच बोलल्या. बहुतेकींना होत नाही. मयुरीनं माझ्याकडे बघितलं, मी पण हो म्हणावं म्हणून. मी बाळाच्या अंगावरचं दुपटं आवळत बसले. तुला सांगितलं तेव्हा केवढ्या ठसक्यात सांगितलं होतं.

सलाइनमधून स्टिरॉइड झाले. धूसरपणा थोडा कमी झालाय. दुपटं आता लाल दिसतं, पण जुनं लाल, असं ती म्हणते. आई शेगडीचं नाव काढत नाहीत. परवा गपचूप मला म्हणाल्या, "माला कुनी सांगितलाच नाय गो तवा. माज्या सासूनं माला शेकलं, मी तिला शेकलं."

काल बारसं झालं. सव्वा महिना झाला म्हणून सासरची माणसं मयुरीला न्यायलाही आली होती. भाऊजींनी सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितलं, आज नको, हात जोडतो. जावयाला मयुरीनं फोनवर सांगितलेलं होतं. तो बरा पोरगा आहे, पण आईला सांगायची हिंमत त्याच्यात नव्हती. आला तेव्हापासून मान खाली. पाळणा झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मी गप्प होते. ताई, मी खरंच गप्प बसणार होते. रात्रभर विचार केला होता की पोरीचा संसार माझ्या तोंडानं मोडायला नको.

मग विहीणबाई बाळंतिणीच्या खोलीत आल्या. मयुरीशेजारी बसल्या, बाळाच्या टाळूवर तेल थापलं, आणि वाकून बाजेखाली बघितलं. "शेगडी नाही दिसत. शेक नाही देत हिला?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. भाऊजी दारात खाकरले. मयुरी काय करते ते मी पाहिलं, तर ती मान ताठ करून माझ्याकडे बघत होती. तुझा चेहरा होता तो, गल्ल्यावरचा. मग मी सगळं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. तुला काय होतं ते सांगितलं, टाच भाजली ते सांगितलं, मयुरीचा डोळा, डाग, औषधं वर्षानुवर्षं घ्यायला लागतील, सगळं. म्हटलं, आता तुम्ही ठरवा. न्यायचं असेल तर हे सगळं माहीत करून न्या, नसेल न्यायचं तर ती आणि तिची पोर आम्हाला जड नाहीत.

विहीणबाई बाळाच्या टाळूवरचा हात काढत नव्हत्या. तशाच म्हणाल्या, "माझी मोठी बहीण अशीच गेली. बाळंतपणानंतर पाय गेले, मग एक डोळा. बाळंतवात म्हणाले. मी दहा-बारा वर्षांची होते. तिच्या शेगडीला फुंकर घालायचं काम माझं. ती म्हणायची, नको गं फुंकू, आणि आई म्हणायची, फुंक." मग त्यांनी बाळाचं टोपडं सारखं केलं. "तिला उठताच आलं नाही परत. तिचा मुलगा अजून म्हणतो, माझ्या आईनं मला कधी उचललं नाही. आळशी होती म्हणतो."

त्यांनी मयुरीला नेलं, ताई. शेकणार नाही म्हणाल्या, औषधाला स्वतः घेऊन येईन म्हणाल्या, आणि वर असंही म्हणाल्या की गावात कुणाला बोलू नका. टिकेल का, किती दिवस टिकेल, मला काही माहीत नाही. निघताना दारात त्या थांबल्या. मला म्हणाल्या, "काय नाव सांगितलंत त्या आजाराचं? परत सांगा. भाच्याला सांगायचंय." मी सांगितलं. त्यांना म्हणता येईना. मी एकेक अक्षर सोडवून सांगितलं, त्या माझ्या तोंडाकडे बघून म्हणत गेल्या, तिसऱ्यांदा जमलं. मग गाडीत बसेपर्यंत ओठ हलवत होत्या.

म्हणजे तूच खरी होतीस बहुतेक. आधी पण होत्या. किती होत्या ते आता कुणाला मोजता येणार नाही, आणि डॉक्टर म्हणतात तसं वरून वाढतही असेल, दोन्ही खरं असेल. मला आता जिंकायचं नाही. वाढत नाही असं मला कुणीतरी शपथेवर सांगा, मी पाया पडते. सव्वा महिन्याची पोर आहे ती.

गाडी वळली तेव्हा मला वाटलं, रंजूताई हवी होती हे ऐकायला. विहीणबाईंचं ऐकून केवढी उसळली असतीस तू, बघ, बघ, मी काय सांगत होते. आणि लगेच वाटलं, तू असतीस तर मयुरीचंही तुला कळलं असतं. तर दारात उभी राहून, तुझी पोर नजरेआड व्हायच्या आत, मी मनातल्या मनात म्हटलं, नाहीस तेच बरं झालं. तुझ्याबद्दल, ताई. मी म्हटलं.